आत्याबाईंचा हात

२ नोव्हेंबर

दोन रेघा. दुसरी फिकट आहे, पण आहे. आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल, पण पहिली गाडी धरायची होती, नीट बघायला वेळच मिळाला नाही. प्र. अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. त्याच्यासमोर पट्टी धरली. नवरा माझा तसा बोलका, पण बांधलेलीच जुडी पुन्हा बांधत बसला. मग हळूच म्हणाला, "आईले सांगू नको आत्ता."

सांगणार नव्हतेच. तीन महिने सरेपर्यंत दिवसांचं कुणापाशी बोलायचं नाही, हा या घरचा नेम. पण तो नेमापायी म्हणाला नाही. ते मला कळलं आणि मला कळलं हे त्याला कळलं.

दुसरबीडच्या फेऱ्या. दिवसभर तिकिटाच्या मशीनची बटणं दाबत होते आणि डोक्यात एकच, या वेळी तरी राहू दे.

४ नोव्हेंबर

अमडापूरची फेरी वाट्याला आली. तो रस्ता म्हणजे चाळणीत घालून हलवतात तसा. कंडक्टरला सीट असते, पण गर्दीत बसायला मिळतं कधी? कंबर गेली. घरी आले तर आत्याबाई ओट्यावर वाटी घेऊन तयार. जवसाचं तेल, त्यात लसूण आणि ओवा कढवलेला.

मी नोकरीला लागले तेव्हापासूनचा हा रिवाज. सासूने सुनेचे पाय मांडीवर घ्यायचे, हे गल्लीत कुणालाच पटत नाही. पहिल्या दिवशी मीही पाय ओढून घेतले होते. तर म्हणाल्या, "पाय दुखते तं दुखते. त्यात सून कोन अन् सासू कोन." गावात कुणाची मान धरली, कंबरेत उसण भरली, बेंबी सरकली, की सगळे यांच्याकडेच येतात. हाताला गुण आहे, खोटं कशाला बोलू. आम्ही दोघी फारशा बोलत नाही. भांडतही नाही. आमचं जे काय आहे ते त्या वाटीभर तेलात आहे.

आज म्हटलं, "नको आज, आत्याबाई. झोप येऊन राह्यली."

त्यांनी वाटी खाली ठेवली.

६ नोव्हेंबर

मोबाईल बघू नये. एक बाई म्हणते, दिवस असताना पाय रोज चोळा. दुसरी म्हणते, घोट्याच्या वर एक जागा आहे, तिथे दाबलं की संपलं. तिसरी तेल विकायला बसली आहे. कुणाचं खरं धरायचं? मी आपलं ठरवलं, कुणाचा हातच नको. पायालाही नको. आत्याबाईंचा हात पायाला लागला की पोटरीवर जातो, पोटरीवरून कंबरेला, कंबरेवरून म्हणतात, "पालथी कायले, सरळ हो, पोट पाह्यतो." त्यांना मधेच थांबवता येत नाही. चालू गाडीतून उतरण्यासारखं आहे ते.

पाय मात्र ठणकतात. उशीवर ठेवून झोपते.

९ नोव्हेंबर

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही, तरी.

मागच्या वर्षी आखाडात मला असंच मळमळायचं. पोटात ओढ लागायची. पाळी पुढे गेली होती, पण माझी पाळी वेळेवर कधी होती? आत्याबाईंनी दोऱ्याने माप घेतलं, बेंबीपासून एका पायाच्या अंगठ्यापर्यंत, मग दुसऱ्या. फरक निघाला. "बेंबी सरकली तुही. गाडीत उभं राहू राहू सरकते." सकाळी अनशापोटी चटईवर झोपवलं. तेल लावून पोट चोळलं, दाबलं, बेंबीवर कणकेचा दिवा लावला आणि वर तांब्या पालथा घातला. तांब्या पोट आत ओढून धरतो. मग उठवून गूळ खायला दिला. गावातल्या कितीतरी बायांचं त्यांनी असंच केलंय आणि बाया उठून कामाला लागल्यात. मीही लागले. थोड्याच दिवसांत रक्त जायला लागलं ते थांबेना. मेहकरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा त्या म्हणाल्या, दिवस होते.

आहेत हे कळायच्या आधी होते हे कळलं.

आत्याबाईंना सांगितलं, पाळी जास्त गेली. प्र. म्हणाला, "खरं समजलं तं आई जगनार नाही." त्यांनी मला आळिवाची खीर करून घातली. पाय चोळले. मी डोळे मिटून पडायचे आणि मनात जे यायचं ते इथेही लिहिणार नव्हते. लिहिते. तो हात झटकून टाकावासा वाटायचा. दोष देते का मी त्यांना? देते. रोज नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी मोरीत ओकले. नळ मोठा सोडला होता, तरी बाहेर आले तर दारात आत्याबाई.

"काय व, पित्त झालं का?"

"हाव. काल गाडीत भजे खाल्ले."

"भज्याचं नाही ते. चेहरा पाह्य कसा उतरला. बेंबी सरकली असन. उद्या तुही सुट्टी हाय, अनशापोटी ये. जाग्यावर बसोतो."

"नको."

"काऊन नको?"

काऊन नको! म्हटलं, उद्या डबल ड्युटी लागली. सुट्टीच्या दिवशी घरातून डबा घेऊन निघाले आणि मेहकरच्या स्टँडवर बाकड्यावर बसून राहिले. ज्या स्टँडवर रोज पाय तुटेस्तोवर उभी असते तिथे सुट्टीच्या दिवशी बसायला आले. वानखडेमामा, माझ्या गाडीचे ड्रायव्हर, त्यांनी पाहिलं. "काय व, घरून हाकललं का तुले?" म्हणाले. मी हसले. मग एकटीच असताना रडू आलं, उगाच.

(हे उद्याचं आजच्या तारखेत लिहिलं. राहू दे.)

१५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेर ही गर्दी, नंबर लागेपर्यंत दुपार. आत गेल्यावर मात्र नीट बोलल्या. सगळं विचारून घेतलं, लाज सोडून.

पाय, पोटऱ्या, खांदे, मान हलक्या हाताने चोळून घ्यायला हरकत नाही म्हणाल्या. घोट्याजवळ दाबल्याने मूल पडतं याला पुरावा मिळालेला नाही. तुम्हाला भीती वाटत असेल तर ती जागा सोडा, पण भिऊन पाय दुखवत बसू नका. पोटाला मात्र कुणी हात लावायचा नाही. चोळणं नाही, दाबणं नाही, तांब्या तर नाहीच. कंबरेवर जोर देऊन दाबायचं नाही. एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली तर ती चोळायची नाही, सरळ इकडे यायचं, कारण रक्ताची गाठ असू शकते. दुखण्याच्या गोळ्या आणि मलमं स्वतःच्या मनाने नाही. पोटरीत गोळा आला तर भिंतीला हात टेकून पाय मागे ताणायचा. करून दाखवलं त्यांनी, साडी खोचून. मला हसू आलं.

"उभं राहणं कमी करा," म्हणाल्या.

"बाई, मी कंडक्टर आहे."

"मग बसून काम मागा डेपोत."

मागेन. पण अर्ज गेला की डेपोला कळणार, डेपोला कळलं की दोन फेऱ्यांत गावाला.

निघताना विचारलंच. मागच्या वेळी पोट चोळल्यामुळे गेलं का? त्यांनी चष्मा काढला. "इतक्या लवकर जातं ते बहुतेक वेळा गर्भातच काही बिघाड असतो म्हणून. चोळल्याने गेलं असं मी म्हणणार नाही. पण नाहीच असं कागदावर लिहूनही देणार नाही."

बहुतेक. गाडीत बसल्यावर तोच शब्द दाढेत अडकलेल्या कणासारखा.

१६ नोव्हेंबर

म्हणजे इतके दिवस पायाला नाही म्हटलं ते उगाच. पायाला चालत होतं.

संध्याकाळी आपणहून ओट्यावर जाऊन बसले. आत्याबाई कोथिंबीर निवडत होत्या, उद्याच्या बाजारासाठी.

"पाय लई दुखून राह्यले," म्हटलं.

"मलम लाव डॉक्टरचं." मान वर केली नाही. "आता माह्या हाताले वास येते न तुले. शिकलेली मानसं तुम्ही, मशीनवाले."

हसून मांडीवर पाय टाकायला हवे होते. मीच चिडले. म्हटलं, "हाव, येते वास." आत निघून आले.

काय बोलून गेले मी. दमल्यावर माझी जीभ माझी राहत नाही.

२० नोव्हेंबर

आता संध्याकाळी ओट्यावर वाटी नसते. मी येते, त्या आत जातात. प्र. दोघींच्या मध्ये उभा राहून कोबीच्या भावाबद्दल बोलतो.

त्याला म्हटलं, "सांगून टाकू का? दोन्हीही?"

"आत्ताचं सांग. मांगचं कायले?"

"आत्ताचं सांगितलं तर विचारतील, पोटाला हात का नको. मग काय सांगू?"

"डॉक्टरनं नाही म्हटलं म्हन."

"का नाही म्हटलं, हे नाही विचारणार? तुमची आई?"

तो मोटार चालू करायला मळ्यात गेला. वीज नव्हती.

२३ नोव्हेंबर

वानखडेमामा हल्ली गाडी सावकाश नेतात. स्पीडब्रेकर आला की जवळजवळ थांबवतातच. मागून एक पोरगा ओरडला, "मामा, बैलगाडी बरी होती!" मामा म्हणाले, "डिझेल वाचोतो मी. तुह्या बापाचं हाय का?" माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. त्यांना काय कळलं, कसं कळलं, देव जाणे. चार पोरींचा बाप आहे माणूस.

खूप बरं वाटलं. घरी कुणाला सांगता येत नाही ते ड्रायव्हरला न सांगता समजलं.

२५ नोव्हेंबर

पहाटे पोटरीत गोळा आला. पाय लाकूड झाला, तोंडातून आवाज निघाला. प्र. मळ्यात होता. कशीबशी उठून भिंतीला हात टेकले, पाय मागे ताणला. दारात सावली. आत्याबाई. हातात वाटी होती. बहुतेक आवाज ऐकून तशाच उठून तेल घेऊन आल्या असतील. मी भिंतीला टेकलेली, त्या उंबऱ्यावर. त्यांनी आत यावं, मी बोलवावं. दोघींपैकी कुणीच नाही केलं.

गोळा आपोआप उतरला. उंबऱ्यावर तेलाचे थेंब पडले होते, ते मी पुसले.

२८ नोव्हेंबर

सोनोग्राफी. प्र. आला होता. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी आणि त्यात लुकलुकणारा ठिपका. "हे ठोके," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. प्र.ने विचारलं, "एवढ्याशाले?" आणि खोकला आल्यासारखं करून बाहेर गेला.

घरी सांगितलं, फवाऱ्याच्या पंपाचा पार्ट आणायला गेलो होतो. आत्याबाई म्हणाल्या, "भेटला का पार्ट?" प्र. म्हणाला, "भेटला." त्याचे डोळे लाल होते. पंपाच्या पार्टसाठी कुणी असं रडत नाही, पण त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस. हसावं की काय करावं.

सुट्टी होती. सकाळीच शेजारच्या सुभद्राकाकू त्यांच्या नव्या सुनेला, ज्योतीला, घेऊन आल्या. पोरीचं पोट दुखतंय, जेवण जात नाही, रात्रीपासून उमासे. आत्याबाईंनी दोरा घेतला, मापलं, मान डोलावली. चटई टाकली. कणकेचा दिवा वळला, वात लावली. ज्योती उताणी पडली, पोटावरची साडी सारून. पोट आत गेलेलं, लहान पोरीसारखं. मी चहा घेऊन आले तर आत्याबाईंचा तेलाचा हात पोटावर टेकायला आलेला.

"थांबा!"

गाडीत मागच्या सीटवरच्याला ओरडते तशी ओरडले. चहा बशीत सांडला.

"हिची पाळी कधी आली होती? विचारलं का कुणी?"

सुभद्राकाकूंचा बत्तीस दात दाखवणारा चेहरा एकदम मिटला. ज्योतीने पदर तोंडावर ओढला आणि पदराआडून म्हणाली, "मांगच्या शुक्रवारी आली होती, ताई. काल संपली."

"घ्या!" काकू म्हणाल्या. "आमाले नाही समजत का तेवढं? आमी का काल आलो जगात?"

पोरीला काही नव्हतंच. गॅस असेल. तिचं पोट चोळलं, दिवा लागला, तांब्या बसला, निघाला. ज्योती उठली आणि म्हणाली, हलकं वाटते. गूळ खाल्ला, सांडलेला चहाही प्यायली. मी वेडी ठरले. काकू जाता जाता म्हणाल्या, "सुषमाले आराम पाह्यजे थोडा."

पण मी पाहत होते. आत्याबाईंचे हात सगळा वेळ ज्योतीच्या पोटावर होते आणि डोळे माझ्यावर.

दोघी गेल्यावर आत्याबाईंनी हात धुतले, शिकेकाई लावून, पुन्हा पुन्हा. मग म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं गाडीतच वरडत जाय. घरी नको." बस, एवढंच.

१ डिसेंबर

उठायच्या आधी उशाशी ताटली. ज्वारीची शिळी भाकर, तव्यावर कडक भाजलेली.

"उठाच्या आंधी खाय. मळमळ बसते."

खाल्ली. बसली मळमळ.

आत्याबाईंना कळलंय. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. नेम पाळतोय आम्ही दोघी.

५ डिसेंबर

पाण्याची कळशी माझ्या हातून काढून घेतात. धुणं आपणच धुतात. पण जवळ बसत नाहीत. काल मी ओट्यावर पाय लांब करून बसले, मुद्दाम. त्यांनी एकदा पायांकडे बघितलं आणि हात पदराखाली घेतले.

आता राग नाही तो. राग मी ओळखते.

८ डिसेंबर

डाग. लालसर. दुसरबीडच्या स्टँडवरच्या संडासात दिसला. वानखडेमामांना म्हटलं, "मामा, मले डॉक्टरकडं सोडा, काही इचारू नका." त्यांनी विचारलं नाही. मेहकरला गाडी रिकामी झाल्यावर रिक्षा त्यांनीच बघून दिली.

टेबलावर पडले तेव्हा वर छताकडे बघत होते, पडद्याकडे बघायची हिंमत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इकडे बघा." ठोके आहेत. वाढही बरी आहे. असा डाग काही बायकांना पडतो, त्यातल्या पुष्कळ जणींचं पुढे नीट होतं, पण जास्त गेलं किंवा दुखलं तर लगेच या. काही दिवस ड्युटी नाही.

परत येताना एक गोष्ट डोक्यात बसली. या वेळी कुणी हात लावला नव्हता. पोटालाच काय, पायालाही नाही. तरी डाग आलाच.

९ डिसेंबर

सांगितलं. सांगावंच लागलं, कामाच्या दिवशी घरी पडून आहे म्हटल्यावर. आत्याबाई पायथ्याशी उभ्या होत्या. प्र.ने सांगितलं, "आई, दिवस हायेत तिले."

"माहीत हाय मले," म्हणाल्या. "धुन्यात डाग दिसला. थांबला का?"

"हाव, थांबला."

त्यांनी वर हात जोडले आणि आत गेल्या. चुलीपाशी भांडं आपटल्याचा आवाज आला. आमच्याकडे गॅस आहे, पण काही झालं की त्या चुलीकडे जातात.

११ डिसेंबर

डेपोत अर्ज दिला, प्र. देऊन आला. बसून काम मिळेल बहुतेक. संध्याकाळपर्यंत मावशीचा फोन आला, चुलतबहिणीचा आला, जिला मी लग्नानंतर भेटले नाही तिचाही आला. सगळ्यांना सल्ले द्यायचेत. एक म्हणाली, कंबर दुखली तर गरम पिशवी. एक म्हणाली, गरम अजिबात नको. सगळ्यांना हो म्हटलं.

मी खरंच थकलेय. आनंदाची बातमी असून इतकं थकायला होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१३ डिसेंबर

वरच्या आळीतली एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. बेंबी. आत्याबाईंनी ओट्यावरूनच दोघींना परत पाठवलं. "माह्या हातात ताकद नाही राह्यली आता." कालच त्यांनी शेंगदाण्याचं पोतं उचलून आत ठेवलं होतं.

म्हातारी म्हणाली, "मंग कोनाकडं जावं?"

"डॉक्टरकडं जाय. आंधी पोरीले इचार, पाळी कधी आली ते."

मी आत पडून ऐकत होते. यांना आत्ताचंच नाही, मागचंही कळलंय.

१६ डिसेंबर

दुपारी प्र. नव्हता. त्या माझ्या खाटेजवळ खाली बसल्या, जमिनीवर. सासू खाली आणि मी खाटेवर, म्हणून मी उठायला लागले, तर म्हणाल्या, "पड."

मग म्हणाल्या, "मांगच्या साली आखाडात तुही बेंबी बसोली होती म्या."

"हाव."

"मंग तू पडून होती. मेहकरले नेलं होतं."

"हाव."

"तवा होतं का?"

प्र.ने किती वेळा बजावलं होतं. खोटं तयार होतं, दीड वर्ष वापरून गुळगुळीत झालेलं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या तळहातांकडे बघत होत्या. मला नाही जमलं.

"हाव," म्हटलं. "पण मलेही माहीत नव्हतं, आत्याबाई. डॉक्टर म्हन्ल्या, चोळल्यानं जात नाही. आतमंधीच बिघाड असते. आता पाहा न, या वक्ती कोनं हात लावला? तरी डाग पडलाच न?"

"नाहीच म्हन्ली का डॉक्टरीन?"

"बहुतेक नाही म्हन्ल्या."

का म्हटलं मी ते बहुतेक? गिळून टाकता आलं असतं. पण त्या हातांना मी एकदा खोटं सांगून पाहिलंय, आणि त्यानंतर ते हात अंगाला लागले की मला शिसारी यायची. पुन्हा तसं नको होतं मला. मला ते हात परत पाहिजेत, हे लिहिताना आत्ता कळतंय.

त्या म्हणाल्या, "बरं." गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शेळीला पाणी दाखवायला गेल्या.

प्र.ला सांगितलं. तो माझ्यावर चिडला नाही. आईजवळ जाऊन बसला, तर तिने त्याला मंडईतला वांग्यांचा भाव विचारला.

१९ डिसेंबर

हिंडायला परवानगी मिळाली आहे. उन्हात बसले, तुरीच्या शेंगा सोलत. आत्याबाई समोर. पायाला बरीच सूज होती, दोन्ही पायांना सारखी, बसून बसून येते तशी. मी म्हटलं, "पायाले चालते, आत्याबाई. डॉक्टरनं सांगितलं, हलक्या हातानं. पोट सोडून सगळं चालते." पाय पुढे केले. सगळ्या गल्लीसमोर केले.

त्यांनी माझे पाय मांडीवर घेतले. हात लावला नाही. नुसते घेऊन बसल्या, शेतातून आणलेलं काही राखत बसावं तशा.

मग ज्यांची बेंबी बसवली त्या बायांची नावं घ्यायला लागल्या. मला सांगत नव्हत्या, आपल्याशीच. "कौसल्याची मोठी पोरगी. तिची जाऊ. मंग तो पोस्टवाला, त्याची बायको. देवळामांगची शांता." जिला पुढे पोर झालं ते आठवलं, की पुढच्या नावावर जायच्या. नाही आठवलं की थांबायच्या. शांतावर थांबल्या त्या थांबल्याच. शांताला मूल नाही. सगळ्या गावाला माहीत आहे.

"असं नसते, आत्याबाई," म्हटलं.

"मंग कसं असते?"

हे डॉक्टरीणबाईंना तरी सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे.

"म्या एकीलेही इचारलं नाही," त्या म्हणाल्या. "अन् त्या तरी कशा सांगतीन? तीन महिने सांगाचं नाही, हे आमीच तं शिकोलं तुमाले."

मी शेंगा सोलत राहिले. त्यांनी पुढचं नाव घेतलं, ते मला नीट ऐकू आलं नाही.

सोमवारी पुन्हा सोनोग्राफी आहे. आत्याबाई येतो म्हणाल्या, त्या बायांबद्दल स्वतः डॉक्टरीणबाईंना विचारायला. प्र. म्हणतो, नेऊ नको. मी अजून काही ठरवलेलं नाही.